'प्लीज ट्राय अगेन' : माझ्या एका ओळीने केलेला घोळ

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेल्या जागा आणि मागून आलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

  

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे हा काय विषय झाला? टर्मिनलवर येणारे एरर मेसेज. काळ्या स्क्रीनवर येणारी ती लाल अक्षरं. ती नीट कशी लिहायची, यावर आज मी वीसेक मिनिटं बोलणार आहे. कोडिंग करत नसलात तरी थांबा, कारण गोष्टीची सुरुवात कोडपासून नाही, पैशांपासून होते. आणि त्यात चूक माझी आहे.

मी आधी ज्या कंपनीत होतो, तिचं नाव घेत नाही. मालवाहतुकीचं काम. दर शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हर लोकांचे आठवड्याचे पैसे त्यांच्या खात्यात जायचे. त्यासाठी मी एक छोटं कमांड-लाइन टूल लिहिलं होतं. टर्मिनल उघडायचं, 'पेआऊट रन' असं टाइप करायचं, एंटर मारायचं. टूल बँकेच्या सर्व्हरला यादी पाठवतं, बँक 'झालं' म्हणते, आपण घरी.

हे टूल चालवायची ऑपरेशन्समधली एक मुलगी. डिप्लोमा झालेला, पहिलीच नोकरी. टर्मिनल तिने आधी कधी बघितलंसुद्धा नव्हतं. मी तिला एका कागदावर चार कमांड लिहून दिल्या होत्या, तो कागद तिने मॉनिटरला चिकटवला होता. मला 'सर' म्हणायची. मी म्हणायचो, अगं सर नको म्हणूस, मी फक्त दोन-तीन वर्षांनी मोठा आहे. मग ती 'दादा' म्हणायला लागली.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. तिने कमांड चालवली. मिनिटभर काही नाही. मग स्क्रीनवर आलं:

'एरर: ऑपरेशन फेल्ड. प्लीज ट्राय अगेन.'

तिने काय केलं? स्क्रीनवर जे लिहिलं होतं तेच. ट्राय अगेन. परत तोच मेसेज. परत एकदा. तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा तिने मला फोन केला. मी गावी निघालो होतो, एसटीत होतो, रेंज नव्हती. फोन लागला नाही.

झालं असं होतं की बँकेचा सर्व्हर त्या दिवशी हळू चालत होता. यादी पोहोचत होती, पैसेही जात होते, फक्त 'झालं' हे उत्तर परत यायला वेळ लागत होता. माझं टूल ६० सेकंद थांबायचं आणि उत्तर नाही आलं की सरळ 'फेल्ड' म्हणायचं. म्हणजे ड्रायव्हर लोकांना एकाच आठवड्याचे पैसे तीनदा गेले.

आता तुम्ही म्हणाल, परत मागायचे. मंडळी, दिवाळीच्या तोंडावर खात्यात आलेले पैसे परत मागून बघा एकदा. कुणी उधारी फेडलेली, कुणी पोरांना कपडे घेतलेले. एक काका ऑफिसात येऊन म्हणाले, "साहेब, मी मागितले नव्हते. तुम्हीच टाकले. मला वाटलं बोनस आहे." त्यांना काय उत्तर देणार? मग पुढचे कितीतरी आठवडे त्यांच्या कमाईतून थोडे-थोडे कापले गेले.

सोमवारी मीटिंग. मॅनेजरचा पहिला प्रश्न: "एकच कमांड तीनदा का चालवली?" ती म्हणाली, "स्क्रीनवर तसं आलं होतं." ते म्हणाले, "स्क्रीनवर काहीही येतं. आपण डोकं वापरायचं असतं ना?"

इथे मी तुम्हाला खरं सांगतो. मी त्या खोलीत होतो आणि मी गप्प बसलो होतो. 'गिट ब्लेम' नावाची कमांड असते, कोडची कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली ते ती दाखवते. मीटिंगच्या आधीच मी ती चालवून बघितली होती. त्या ओळीपुढे माझंच नाव होतं. रात्री पावणेबाराचं कमिट. मला आठवतही नव्हतं की ती ओळ मी लिहिली. झोप आली होती, काहीतरी लिहायचं म्हणून लिहिली असणार.

मग तिने पर्समधून वही काढली. ती प्रत्येक एरर वहीत उतरवून ठेवायची, मला नंतर विचारता यावं म्हणून. तिने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. 'प्लीज ट्राय अगेन.' तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, "ही ओळ माझी आहे. तिने माझ्या टूलचं ऐकलं."

खरं तर हे मला पहिल्या मिनिटाला बोलायला हवं होतं. असो. तिची नोकरी राहिली. पण त्या दिवसापासून एरर मेसेजकडे बघायची माझी नजर बदलली.

तर, नक्की चुकलं काय? मेसेज छोटा होता, 'प्लीज' वगैरे म्हणून नम्रही होता. पण तो खोटं बोलत होता. आपण प्रोग्रॅमर लोक समजतो की कामाचे दोनच निकाल असतात, झालं किंवा नाही झालं. नेटवर्कवरून काम करताना तिसराही असतो, माहीत नाही. समजा तुम्ही कुणाला पत्र पाठवलं आणि उत्तर आलं नाही. पत्र पोहोचलं नाही, की पोहोचलं आणि उत्तर वाटेत हरवलं? तुम्हाला इथे बसून कळणार नाही. टाइमआउट म्हणजे हेच. माझ्या टूलला माहीत नव्हतं, आणि 'मला माहीत नाही' म्हणायच्या ऐवजी त्याने छातीठोकपणे सांगितलं, 'फेल्ड'.

नंतर आम्ही तो मेसेज बदलला. मराठीत सांगायचं तर नवीन मेसेज असा होता:

'बँकेकडून ६० सेकंदांत उत्तर आलं नाही.
पैसे गेले की नाही, हे टूलला माहीत नाही.
ही कमांड पुन्हा चालवू नका.
आधी हे चालवून बघा: पेआऊट स्टेटस ४१७'

चार ओळी. काय झालं, सध्या परिस्थिती काय आहे, काय करू नये आणि आता काय करावं. शेवटच्या ओळीतली कमांड जशीच्या तशी कॉपी करून चालवता येते, ४१७ हा त्या यादीचा नंबरही टूलच भरून देतं. माणसाने काही शोधायचं नाही.

आणि हो, फक्त शब्द बदलून भागलं नाही. प्रत्येक यादीला तो एक नंबर दिला, तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर पैसे जाणारच नाहीत अशी सोय केली. चांगला मेसेज म्हणजे खराब डिझाइनवरचं पांघरूण नव्हे. पण गंमत बघा, 'आता काय करावं' ही ओळ लिहायला बसलो तेव्हाच लक्षात आलं की स्टेटस बघायची कमांडच आपल्याकडे नाहीये! मेसेज नीट लिहायला गेलो म्हणून टूलमधलं भोक सापडलं.

आता थोडं मागे जाऊ. असे मेसेज येतात कुठून?

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात केन थॉम्प्सन यांनी 'एड' नावाचा एडिटर लिहिला. त्यात काहीही चुकलं की तो एकच गोष्ट छापायचा, प्रश्नचिन्ह. बस. '?'. आज आपण हसतो, पण तेव्हा स्क्रीन फारशा नव्हत्या. टेलिटाइप नावाचं यंत्र कागदावर टकटक करत छापायचं. मॉडेल ३३ या प्रसिद्ध यंत्राचा वेग सेकंदाला १० अक्षरं. चार ओळींचा मेसेज छापायचा तर चहा पिऊन यावं लागलं असतं. तेव्हा कमी बोलण्याला कारण होतं. आज ते कारण नाही, सवय मात्र राहिली.

दुसरं मूळ म्हणजे नंबर. लिनक्समध्ये आत प्रत्येक चुकीला एक नंबर असतो. २ म्हणजे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. १३ म्हणजे 'परमिशन डिनाइड'. २८ म्हणजे 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. प्रोग्रॅमला आतून नंबर मिळतो, तो नंबराचं वाक्य करून तुमच्या तोंडावर फेकतो. अडचण अशी की एकच नंबर वेगवेगळ्या भानगडींना वापरला जातो.

उदाहरण घ्या. विंडोज लॅपटॉपवर एक स्क्रिप्ट लिहिली, डॉकर कंटेनरमध्ये टाकली, चालवली. मेसेज काय येतो? 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', आणि पुढे आपल्याच स्क्रिप्टचं नाव. तुम्ही जाऊन बघता, फाइल समोर दिसतेय! तरी म्हणतो फाइल नाही. डोळे चोळून परत बघता. खरी गोष्ट अशी असते की स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'मला बॅशने चालव' असं लिहिलेलं असतं, आणि विंडोजच्या एडिटरने ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर जोडलेलं असतं. सिस्टिम 'बॅश अधिक न दिसणारं अक्षर' या नावाचा प्रोग्रॅम शोधते, तो सापडत नाही, म्हणून नंबर २. हरवलेली वस्तू वेगळी, आणि नाव घेतलं भलत्याचंच. बॅशच्या नव्या आवृत्त्यांनी अशा काही ठिकाणी शब्द बदललेत, 'चालवता येत नाही, लागणारी फाइल सापडली नाही' अशा अर्थाचे. अजून 'कुठली फाइल' ते सांगत नाही, पण निदान तुमच्या स्क्रिप्टवर आळ तरी घेत नाही.

दुसरं उदाहरण नोडवाल्यांना आठवेल. लिनक्सवर मोठा प्रोजेक्ट चालू केला की 'ईनोस्पेस' यायचं. २८ नंबर. जागा नाही. मी स्वतः कॉलेजात असताना हे बघून लॅपटॉपवरचे पिक्चर डिलीट केलेत! डिस्कवर भरपूर जागा होती. संपली होती ती फायलींवर लक्ष ठेवायची मर्यादा, पण सिस्टिम त्यालाही तोच नंबर देते. नंतर नोडने तो मेसेज बदलला: 'सिस्टिम लिमिट फॉर नंबर ऑफ फाइल वॉचर्स रीच्ड'. तेच कोड, तोच नंबर, फक्त वाक्य नवीन. माझे पिक्चर मात्र गेले ते गेले.

आता चांगल्या बाजूला येऊ. २०१५मध्ये एल्म या भाषेचे निर्माते इव्हान चॅप्लिकी यांनी ठरवलं की कंपायलरने माणसासारखं बोलायला हवं. चुकलेली ओळ जशीच्या तशी दाखवायची, चुकीच्या जागेवर बोट ठेवायचं आणि साध्या वाक्यात सांगायचं. २०१६मध्ये रस्टने आपल्या मेसेजचा नवा आराखडा आणला. रस्टमध्ये पुष्कळ चुकांना कोड असतो आणि 'एक्सप्लेन' म्हटलं की त्याच टर्मिनलवर उदाहरणासकट धडा उघडतो.

पायथॉनचं तर तुमच्यातल्या पुष्कळ जणांनी भोगलं असेल. कंस उघडला, बंद करायला विसरलो. जुना पायथॉन खालच्याच कुठल्यातरी ओळीवर 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' म्हणायचा. त्या ओळीत काही चूक नसायची! ऑक्टोबर २०२१मध्ये ३.१० आवृत्ती आली, आणि तो म्हणायला लागला: हा कंस कधी बंदच केला नाही. आणि बोट त्याच कंसावर. शिकणाऱ्या मुलांचे किती तास वाचले असतील, विचार करा.

गिट बघा. घाईत 'स्टेटस'मधली दोन अक्षरं उलटी टाइप झाली, तर तो म्हणतो, अशी कमांड नाही, सगळ्यात जवळची ही आहे. आणि एक गोष्ट मला फार आवडते. सेटिंग बदलल्याशिवाय तो ती कमांड स्वतःहून चालवत नाही, फक्त सुचवतो. कारण अंदाज चुकू शकतो. अंदाज सांगावा, अंदाजावर परस्पर काम उरकू नये. आपल्याकडे घरातली मोठी माणसं हे उलटं करतात, पण ते असो.

आता तुम्ही उद्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये काय करू शकता? मी स्वतः पाळतो त्या गोष्टी सांगतो.

पहिली. किंमत दाखवा. 'इनव्हॅलिड डेट' एवढंच लिहू नका. 'तारीख ३१-०२-२०२४ चालत नाही, फेब्रुवारीत ३१ तारीख नसते' असं लिहा. तुम्हाला काय मिळालं आणि काय हवं होतं, दोन्ही. आणि फाइलमधून वाचलं असेल तर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीतून, तेही.

दुसरी. 'आत्ता जमलं नाही' आणि 'कधीच जमत नाही' यात फरक करा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या माहितीपुस्तिकेत मेसेज कसे लिहावेत याचा एक अख्खा विभाग आहे. त्यात म्हटलंय, 'कुड नॉट' म्हणजे या वेळी झालं नाही, पुढे होऊ शकेल. 'कॅनॉट' म्हणजे ही सोयच नाही. मराठीत तर हे आपल्याला आपोआप कळतं! 'फाइल उघडता आली नाही' आणि 'अशी फाइल उघडता येत नाही'. पहिल्यात परत प्रयत्न करायला अर्थ आहे, दुसऱ्यात नाही. त्याच विभागात 'इल्लीगल' शब्दही टाळायला सांगितलाय. इल्लीगल म्हणजे कायदा मोडणं. बिचाऱ्याने चुकीची तारीख टाकली, गुन्हा नाही केला.

तिसरी. तीन थर ठेवा. पोस्टग्रेस हेच करतो: मुख्य मेसेज, मग तपशील, मग सूचना. वर एक ओळ, घाईतल्या माणसासाठी. खाली बाकीचं. आणि ती पन्नास ओळींची स्टॅक ट्रेस लॉग फाइलमध्ये टाका, मेसेजमध्ये फक्त लॉगचा पत्ता द्या.

चौथी. मेसेज स्टँडर्ड एररवर पाठवा आणि एक्झिट कोड शून्य देऊ नका. शून्य म्हणजे 'सगळं ठीक'. स्क्रीनवर एरर छापून गुपचूप शून्य परत केलं, तर पुढची स्क्रिप्ट 'चला, झालं' म्हणून पुढे पळते. तोंडाने नाही म्हणायचं आणि मानेने हो, असला प्रकार.

पाचवी. मेसेजमध्ये पासवर्ड, टोकन छापू नका. लोक एरर कॉपी करून सरळ ग्रुपवर टाकतात. टाकणारच.

सहावी. विनोद नको. 'अरेरे, काहीतरी गंडलं!' वगैरे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडलेला असताना कुणालाही तुमचा विनोद नको असतो.

आता एक प्रश्न मला त्या ताईनेच विचारला होता. "दादा, हे मराठीत का येत नाही?" मी करून बघितलं. पण टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा चौकोन देतं, आणि आपल्या काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं त्या चौकोनात मावत नाहीत. कितीतरी टर्मिनलवर मराठी तुटक, विस्कटलेलं दिसतं. शिवाय एरर इंग्रजीत असला की गूगलवर सापडतो. म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. टर्मिनलवर साधं, छोटं इंग्रजी वाक्य आणि एक नंबर. त्या नंबराचं मराठीत सविस्तर पान वेगळं. ती पानं कुणी लिहिली? तिने. तिच्या त्याच वहीवरून. आणि सांगतो, माझ्यापेक्षा चांगली लिहिली. कारण ती आतून नाही, बाहेरून बघत होती.

माझ्या मते सगळ्या नियमांचा बाप हाच आहे. मेसेज लिहिणारा माणूस कोडच्या आत बसलेला असतो, त्याला सगळं दिसत असतं. वाचणारा बाहेर उभा असतो, बहुतेक वेळा घाबरलेला, आणि त्याच्याकडे फक्त ते एक वाक्य असतं. म्हणून मेसेज लिहून झाला की तो कोड न लिहिणाऱ्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा, आता तू काय करशील? तो जे सांगेल ते ऐकून तुम्हाला घाम फुटला, तर मेसेज बदला.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये 'ट्राय अगेन', 'समथिंग वेंट राँग' आणि 'फेल्ड' हे तीन शब्दप्रयोग शोधा. त्यातला एक निवडा आणि स्वतःला विचारा, हे खरं आहे का? मला खरंच माहीत आहे का की ते झालं नाही? मग तो एक मेसेज नीट लिहा. एकच. पाच मिनिटं लागतील.

आणि जे कोड लिहीत नाहीत त्यांच्यासाठी: स्क्रीनवर आलेलं वाक्य कळलं नाही, तर तुम्ही ढ नाही आहात. वाक्य वाईट लिहिलेलं असू शकतं. ते जसंच्या तसं उतरवून ठेवा, शब्द न बदलता. त्या वहीने एका मुलीची नोकरी वाचवली होती.

चला, कुकर झालाय, आई हाक मारतेय. तुमचा आठवणीतला सगळ्यात वाईट एरर मेसेज मला नक्की पाठवा, निवडक पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटू. काळजी घ्या.